दार बरोबर, फलाट मोकळा

यामिनी खापरे घरातून बाहेर पडते तेव्हा शेजाऱ्यांना वाटतं, ही बाई रोज सकाळी कुणाशी तरी भांडूनच निघते. आधी ती स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी राहते, उजवा हात खांद्यापासून सरळ करते, शेगडीवर बोट रोखते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "गॅस बंद." मग नळाकडे बोट, "नळ बंद." मग खुंटीकडे, "किल्ली घेतली." शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या त्या टाउनहाउसांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. पलीकडच्या गोऱ्या आजीबाईंना "गॅस बंद" हे दोन शब्द आता पाठ झालेत, आणि अर्थ ठाऊक नसूनही ते ऐकल्याशिवाय त्यांची कॉफी उकळत नाही म्हणे.

हसू नका. हसणारे तिला पुष्कळ भेटले, आणि त्यातला एक तर तिच्या पोटचाच. पण हे खूळ नव्हे. यामागे एक गोष्ट आहे आणि ती सुरू होते टोकियोत.

उल्हासला, म्हणजे यामिनीच्या नवऱ्याला, कंपनीने टोकियोला धाडलं तेव्हा त्यांचा मुलगा ईशान नुकता पावलं टाकायला लागला होता. शहराच्या पश्चिमेला एका उपनगरात, रेल्वेलाइनला अगदी चिकटून, दोन खोल्यांचं बिऱ्हाड. उल्हास सकाळी गाडीत बसून जो जाई तो अंधार पडल्यावरच उगवे. यामिनी नागपूरची, धरमपेठेतली. बोलायला बसली की समोरच्याचा चहा गार होतो. आणि तिथे बोलायला माणूस नाही, भाषेचा गंध नाही. मग काय करणार? पोराला बाबागाडीत घालायचं आणि स्टेशनावर जाऊन बसायचं. गाड्या बघायला कुठली भाषा लागते?

तिथे मायलेकांचा लाडका माणूस म्हणजे गाडीचा गार्ड. पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी. शेवटच्या डब्यातून अर्धा बाहेर वाकून तो फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट रोखून बघायचा आणि मोठ्याने काहीतरी म्हणायचा. मगच दारं लागायची. पाऊस असो, ऊन असो, फलाटावर चिटपाखरू नसो, गार्ड बदलला तरी बोट आणि बोलणं तेच. ईशानला ते इतकं भावलं की "आई" नीट म्हणायच्या आधी तो "योशी" म्हणायला लागला. योशी म्हणजे ठीक, बरोबर. फलाटाच्या कडेच्या पिवळ्या रेषेच्या मागे टाचा जुळवून उभं राहायचं, हात ताठ करायचा आणि बोबड्या आवाजात ओरडायचं. एखादा गार्ड जाता जाता त्याला सलामही ठोकायचा. त्या दिवशी पोरगं जेवायचंसुद्धा विसरायचं.

त्याच सुमारास नागपूरला यामिनीची आई गेली. ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आली ती शरीराने. मन तिकडेच कुठेतरी राहिलं. एकदा दूध शेगडीवर ठेवून खाली दुकानात गेली, पातेल्याचा कोळसा झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि या खेपेला ईशान आत झोपलेला. घरभर धूर. यामिनी इतकी हादरली की पोराला उचलून तडक स्टेशनावर गेली, कारण दुसरं जायचं कुठे हेच तिला माहीत नव्हतं.

स्टेशनात काम करणारी एक बाई तिला रोज बघायची. तिने हिला रडताना पाहिलं, बाकावर बसवलं, मोडक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांनी सगळं ऐकून घेतलं. मग हिला फलाटाच्या कडेला नेलं आणि हिचा हात धरून सरळ केला. "डोळे फसवतात," ती म्हणाली. "मन पळतं. पण बोट दाखवलं आणि तोंडाने म्हटलं, की मनाला परत यावंच लागतं."

यामिनीने घरी येऊन शेगडीवर बोट रोखलं आणि आपल्या भाषेत म्हणाली, "गॅस बंद." म्हणता म्हणता तिला हुंदका आला. पण गॅस खरंच बंद होता आणि तो बंद आहे हे तिला ठाऊक होतं. आई गेल्यापासून खात्रीने ठाऊक असलेली ती पहिली गोष्ट होती. पुन्हा कधी पातेलं जळलं नाही.

पुढे उल्हासची बदली अमेरिकेत झाली, नेपरव्हिलला घर झालं, ईशान शाळेत गेला आणि वर्षाच्या आत इंग्रजीत भांडायला लागला. यामिनी मात्र नवऱ्याच्या व्हिसावर घरात. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी कपाटात, स्वतः किचनमध्ये. मग कधीतरी उल्हासच्या ग्रीन कार्डाचं घोडं थोडं पुढे सरकलं आणि तिला काम करायची परवानगी मिळाली. उल्हास म्हणाला, "टेस्टिंगचा कोर्स कर, आपल्यातल्या सगळ्या बायका तेच करतात." यामिनीने कोर्स केला नाही. शिकागोला जाणाऱ्या गाडीत एकदा जाहिरात दिसली, असिस्टंट कंडक्टर पाहिजेत. तिने घरात कुणाला न विचारता अर्ज ठोकला आणि मुलाखत देऊन आली. निवड झाल्यावरच तोंड उघडलं.

"कंडक्टर?" उल्हासने विचारलं. "म्हणजे तिकीट पंच करायचं?"

"आणि दारं लावायची," यामिनी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की उल्हासला पुढे बोलवेना. माणूस वाईट नाही हो तो. पण चार लोकांचं भय त्याच्या हाडात. तिथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की तो सांगायचा, "यामिनी ना? रेल्वेत ऑपरेशन्सला आहे." लोकांना वाटायचं मोठं ऑफिस असेल, काचेची केबिन असेल. यामिनीही गप्प बसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय नोकरी अजून कच्ची होती. गळ्यात तात्पुरतं कार्ड होतं. हिवाळा संपेपर्यंत काम नीट केलं तर पक्कं मिळणार, नाहीतर नमस्कार. मग कशाला आधीच गावभर डांगोरा पिटा?

आणि ते पक्कं कार्ड तिला हवं होतं. इतकं हवं होतं की कधी कधी रात्री स्वप्नात ती दारंच लावत असायची. चाळिशी उलटल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःचं असं काहीतरी मिळालं होतं, आणि ते हातचं गेलं तर पुन्हा कुणाच्या तरी व्हिसावरची बायको होऊन बसायचं होतं.

सकाळची तिची गाडी ऑरोराहून सुटायची आणि नेपरव्हिल, लाइल, डाउनर्स ग्रोव्ह करत शिकागोला जायची. दुमजली डबे, खचाखच नव्हे पण भरलेली. तिच्यावरचा मुख्य कंडक्टर होता अर्ल. शिकागोच्या साउथ साइडचा, केस पिकलेला, गुडघे दुखणारा, डोळ्यांत कायम चेष्टा. पद्धत अशी की स्टेशन आलं की यामिनीने आपल्या दारातून बाहेर वाकायचं, फलाट बघायचा, किल्ली फिरवून बाकीची दारं लावायची, पुन्हा बघायचं, मग स्वतःचं दार लावून ड्रायव्हरला निघायची खूण द्यायची. नियमात फक्त "बघा" एवढंच होतं. यामिनीने त्यात आपलं घातलं. हात ताठ, बोट रोखलेलं: "उजवीकडे बरोबर. डावीकडे बरोबर. फलाट मोकळा. दार बरोबर."

"हे काय असतं?" अर्लने पहिल्या दिवशी विचारलं.

तिने सांगितलं. तो बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला. "माझी आजी निघताना स्टोव्हला रागवायची," तो म्हणाला. "चालू दे तुझं."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि संक्रांतीच्या आठवड्यात नेमकं माशी शिंकावी तसं झालं. त्या दिवशी गारठा असा की श्वासाचं बर्फ व्हावं. यामिनीने लाइलची अनाउन्समेंट केली आणि जाड हातमोज्यांमुळे बटण बंद करायचं राहिलं. घरातल्या शेगडीला, नळाला, किल्लीला बोट दाखवणारी बाई, पण अनाउन्समेंटच्या बटणाला बोट दाखवायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. झालं. लाइल आलं, आणि सगळ्या डब्यांतून, वरच्या मजल्यापासून खालच्यापर्यंत, गाडीभर घुमलं: "उजवीकडे बरोबर. डावीकडे बरोबर. फलाट मोकळा. दार बरोबर. चला बाप्पा, निघा आता." पुढे वाटेत, "काय थंडी पडून राहिली रे देवा, पायाचे अंगठे आहेत का गेले." डाउनर्स ग्रोव्हला पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी लॅपटॉप मिटले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिच्याच डब्यातल्या एका पोराने तोवर फोन काढून सगळं रेकॉर्ड केलं होतं. अर्ल डबे ओलांडत धावत आला तो हसून हसून भिंतीला टेकला.

तिथे यामिनीही हसली. खरी गंमत पुढे होती. शनिवारी कादंबरीकडे हळदीकुंकू होतं. कादंबरी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी, बातमी आधी तिच्याकडे येते आणि मग घडते. तिळगूळ वाटून झाला, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटून झाले, आणि कादंबरीने फोन टीव्हीला जोडला. "बायांनो, हे बघितलं का? शिकागो ट्रेनमध्ये मराठी अनाउन्समेंट." पडद्यावर निळा युनिफॉर्म, लोकरीची टोपी, ताठ हात. "चला बाप्पा, निघा आता." खोली हसली. मग एकेक मान यामिनीकडे वळली.

"अगं, ही तू?" कादंबरी म्हणाली. "तू ऑपरेशन्सला होतीस ना?"

कुणी वाईट बोललं नाही. तेच तर वाईट होतं. "किती ब्रेव्ह आहेस," एक म्हणाली. "हल्ली कुठलंही काम कमी नसतं हं," दुसरी म्हणाली, ज्या आवाजात लोक आजाऱ्याला सांगतात की तब्येत सुधारलेली दिसते. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. यामिनीने डबा उचलला, सगळ्यांना गोड बोला म्हटलं आणि निघाली.

घरी ईशान खोलीचं दार लावून बसला होता. व्हिडिओ शाळेतही पोचला होता. कॅफेटेरियात एका पोराने टेबलावर चढून हात ताठ करून नक्कल केली होती आणि चारजणांनी "दार बरोबर" म्हणून दाखवलं होतं, जमेल तशा उच्चारात. पोरगं सतराचं. त्या वयात स्वतःची सावलीसुद्धा लाज आणते.

"मॉम, कॅन यू जस्ट नॉट?" तो म्हणाला. "जॉब कर, फाइन. पण ते पॉइंटिंग... प्लीज. कुणीच करत नाही असं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. यामिनीला मंडळाचं सोसवलं असतं, नवऱ्याचं गप्प राहणंही सोसवलं असतं. हे नाही सोसवलं. "बरं," ती म्हणाली. "नाही करणार."

सोमवारी सकाळी घरातून निघताना तिने शेगडीकडे नुसतं बघितलं. गाडीतही नुसतंच बघितलं. हात खिशात. तोंड बंद. नियमात "बघा" एवढंच आहे, नाही का?

त्या गाडीला नेपरव्हिलहून एक म्हातारं जोडपं चढलं होतं. नंदूकाका आणि शरयूकाकू, साताऱ्याचे, मुलाकडे आलेले. शिकागो बघायला निघाले होते, मुलगा तिथे स्टेशनावर घ्यायला येणार होता. डबा उबदार, म्हणून काकांनी जॅकेट काढून सीटवर ठेवलं. आणि डाउनर्स ग्रोव्हला गाडी थांबल्यावर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. स्टेशन आलं की खाली उतरायचं, पाय मोकळे करायचे, चहा मिळतो का बघायचं, गाडी हलायला लागली की चढायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसला मिरजेला हे चालतं. डाउनर्स ग्रोव्हला नाही चालत. काका हाफ स्वेटरवर उतरले, स्टेशनच्या इमारतीत कॉफीवाला दिसला, तिकडे वळले.

यामिनीने बाहेर वाकून उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मनात कॅफेटेरियातलं टेबल होतं. डावीकडे इमारतीच्या दारातून एक म्हातारा हात वर करून निघाला होता. तिच्या डोळ्यांना तो दिसलाही असेल. तिला नाही दिसला. किल्ली फिरली, दारं लागली, गाडी निघाली.

"अहो, आमचे हे राहिले." डब्याच्या मधून एक बारीक, फाटलेला आवाज आला. शरयूकाकू काचेला दोन्ही हात लावून उभ्या होत्या आणि बाहेर फलाटावरचे नंदूकाका मागे पडत चालले होते. "जॅकेट इथेच आहे त्यांचं. फोन माझ्याकडे आहे. अहो, कुणीतरी थांबवा."

यामिनी धावली. "काकू, घाबरू नका, बसा. मी आहे."

काकूंनी तिच्या टोपीकडे, युनिफॉर्मकडे पाहिलं आणि तिचा हात जो घट्ट धरला तो सोडलाच नाही. यामिनीने दुसऱ्या हाताने अर्लला वायरलेसवर गाठलं. अर्लने चेष्टा नाही केली, प्रश्नही नाही. त्याने डाउनर्स ग्रोव्हच्या तिकीटखिडकीवरच्या माणसाला गाठलं, आजोबांना आत बसवा, पुढच्या गाडीत चढवून द्या. थोड्या वेळाने निरोप आला: आजोबा हीटरपाशी आहेत, कॉफी पिताहेत, साखर कमी आहे म्हणताहेत. काकूंनी तेव्हा श्वास सोडला आणि मग रडल्या.

शिकागोला त्या दोघी फलाटावरच्या बाकावर बसल्या, काकूंच्या मांडीवर ते रिकामं जॅकेट. पुढची गाडी यायची होती, मुलगाही अजून पोचला नव्हता. काकूंनी डोळे पुसले आणि यामिनीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तू त्या व्हिडिओतली का गं? आमच्या सूनबाईंनी दाखवला. दार बरोबर, फलाट मोकळा. मला फार आवडलं हो ते. आमच्या घरी देवाला दिवा लावून सासूबाई असंच एकेकाचं नाव घ्यायच्या, कोण घरी आलं, कोण यायचंय."

"हो काकू. मीच ती."

"मग आज का नाही म्हणालीस?"

काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साधं विचारलं त्यांनी, आज भाजीत मीठ का नाही असं विचारावं तसं. तेवढ्यात गाडी आली, नंदूकाका हातात कागदी कप घेऊन उतरले आणि लगेच बायकोवर खेकसले, "जॅकेट खाली ठेवू नको, मळेल." काकूंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की कॉफी सांडली. यामिनी दोघांच्या पाया पडली. फलाटावर, युनिफॉर्ममध्ये. लोक बघत होते, पण तिला त्या क्षणी कुणाचीच लाज वाटली नाही.

प्रकरण अर्थातच वर गेलं. वर म्हणजे मिसेस कोवाल्स्की, कच्च्या लोकांना पक्कं करायचं की घरी पाठवायचं हे ठरवणारी बाई. बुधवारचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी उल्हासने समजावलं, "हे बघ, सरळ सांग. गाडी लगेच सुटते अशी अनाउन्समेंट असते, काका आपणहून उतरले. तुझी चूक कशी? नियमाप्रमाणे तू बघितलंस." अर्लनेही तेच सांगितलं होतं, थोड्या शिव्या घालून. म्हणजे सुटायची वाट मोकळी होती, फक्त चालायचं होतं.

"तू फलाट बघितलास?" मिसेस कोवाल्स्कींनी विचारलं.

"डोळे फलाटावर होते," यामिनी म्हणाली. "मन नव्हतं. मी एक गोष्ट रोज करते, ती त्या दिवशी केली नाही. मला लाज वाटत होती म्हणून. केली असती तर आजोबा दिसले असते."

बाईंनी चष्मा काढला. "काय गोष्ट?"

यामिनी उठली. काय गमवायचं राहिलं होतं? तिने हात ताठ केला, खिडकीवर बोट रोखलं, "खिडकी बंद." दारावर रोखलं, "दार बंद." मग मिसेस कोवाल्स्कींच्या टेबलावरच्या हीटरवर, आणि तिथे थांबली. "हीटरची वायर," ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या खुर्चीच्या पायाखाली आहे."

बाईंनी वाकून बघितलं, खुर्ची सरकवली. मग विचारलं, "याला वेळ किती लागतो?"

"एक श्वास."

"इंग्रजीत करता येईल?"

"येईल. पण मग तोंडच बोलेल फक्त."

"शुक्रवारी मी तुझ्या गाडीला येते," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या. "तुझ्या दारात उभी राहीन. मग ठरवू. आणि हे करायचं असेल तर ते अनाउन्समेंटचं बटण आधी बंद करत जा. माझ्या बहिणीनेसुद्धा मला तो व्हिडिओ पाठवला."

घरी आली तर सोफ्यावर नंदूकाका आणि शरयूकाकू. मुलाकडून पत्ता शोधून, बेसनाचे लाडू घेऊन, विचारपूस करायला आलेले. खरं तर माफी हिने मागायची, पण म्हाताऱ्या माणसांना असले हिशेब कळत नाहीत. ईशानने त्यांना चहा करून दिला होता. चहा कसला, दुधात बुडवलेली पिशवी. काका तो निमूटपणे पीत होते.

"तुझा मुलगा सांगत होता जपानचं," काका म्हणाले. "म्हटलं, तुझी आई हे बोट दाखवायचं कुठे शिकली? तर म्हणतो, मी पण करायचो."

यामिनीने ईशानकडे पाहिलं. तो कपाकडे बघत होता. "आय फर्गॉट," तो म्हणाला. मग काका-काकू बसले होते म्हणून की काय, अडखळत, शब्द शोधत मराठीत म्हणाला, "विसरलो होतो. सांगताना आठवलं. तो एक गार्ड होता ना, सॅल्यूट करायचा."

"होता," यामिनी म्हणाली. उल्हास दारात बूट काढत सगळं ऐकत होता. त्याने कोट तसाच ठेवून फोन काढला, मंडळाच्या ग्रुपवर त्या व्हिडिओखाली लिहिलं, "ही माझी बायको यामिनी. असिस्टंट कंडक्टर," आणि फोन उलटा करून ठेवला, पुढचं काय येतं ते बघायला नको म्हणून. मग काकांच्या शेजारी बसून तो चहा त्यानेही प्यायला.

शुक्रवारी बर्फ पडत होतं. घरातून निघताना यामिनीने शेगडीला, नळाला, किल्लीला बोट दाखवलं, आणि पलीकडच्या आजीबाईंची कॉफी त्या आठवड्यात पहिल्यांदा वेळेवर उकळली असावी. ऑरोराला मिसेस कोवाल्स्की हाताची घडी घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. अर्लने लांबूनच डोळा मारला. यामिनीने सगळ्यात आधी अनाउन्समेंटच्या बटणावर बोट रोखलं. "बटण बंद."

नेपरव्हिल आलं. रोजची माणसं चढली, कोटावरचं बर्फ झटकत. यामिनी बाहेर वाकली, हात ताठ. "उजवीकडे..."

उजवीकडे, बाकापाशी, पिवळ्या रेषेच्या मागे ईशान उभा होता. या वेळी तो शाळेत असायला हवा. अंगात नुसती हुडी, जॅकेटचा पत्ता नाही, केसांवर बर्फ. टाचा जुळवलेल्या. त्याने उजवा हात खांद्यापासून सरळ केला, आईवर बोट रोखलं आणि कॉफीचे कप धरलेल्या सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आई बरोबर."

"बरोबर," यामिनी म्हणाली. "डावीकडे बरोबर. फलाट मोकळा." बोट किल्लीवर गेलं. मागे मिसेस कोवाल्स्की उभ्या, गाडीची वेळ झालेली, आणि किल्लीवरचं बोट तिथेच थांबलं. हे सगळं तिने म्हटलं खरं, पण ते लेकाला म्हटलं होतं. फलाट तिने बघितलाच नव्हता.

तिने हात खाली घेतला, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. उजवीकडे. डावीकडे, शेवटच्या दिव्यापर्यंत. फलाट तसा मोकळा नव्हता, तिच्या दृष्टीने तर काठोकाठ भरलेला होता. पण जे होतं ते पिवळ्या रेषेच्या मागे होतं, आणि नियमात तेवढं बसतं. "फलाट मोकळा. दार बरोबर." तिने किल्ली फिरवली.

गाडी निघाल्यावर मिसेस कोवाल्स्कींनी विचारलं, "दोनदा का?"

"पहिल्या वेळी माझं लक्ष मुलाकडे होतं."

"हं," बाई म्हणाल्या आणि शिकागोपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. शिकागोला गाडी रिकामी झाली, अर्ल मुद्दाम जवळच्याच डब्यात विसरलेले मफलर शोधत राहिला. मिसेस कोवाल्स्कींनी हात पुढे केला आणि यामिनीच्या गळ्यातलं तात्पुरतं कार्ड काढून स्वतःच्या खिशात टाकलं.

"सोमवारी ऑफिसमधून पक्कं घेऊन जा," बाई म्हणाल्या. "वाकून बघणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्यांदा बघणारं कुणी नव्हतं."

अर्लने पलीकडच्या डब्यातून शिट्टी वाजवली. बाई उतरून गेल्यावर यामिनी रिकाम्या सीटवर बसली आणि मनसोक्त रडली. नागपूरची आई आठवली, ती स्टेशनातली बाई आठवली, जिचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मग डोळे पुसून फोन काढला. ईशानचा मेसेज होता. शाळेत पोचायला उशीर झाला, ऑफिसमध्ये कारण विचारलं, तर त्याने सांगितलं होतं की मॉमच्या ट्रेनचं दार चेक करत होतो.

यामिनीने तो दोनदा वाचला. मग अंगठ्याने एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं, "नोकरी पक्की झाली. आणि जॅकेट कुठे होतं तुझं?"

त्यावर अजून काही उत्तर आलेलं नाही.